बोक्याला मारलेली हाक

माझ्या थोरल्या दिरांचं नाव मी इथं लिहिणार नाही. ते जाऊन बरीच वर्षं झाली, जाऊबाईही गेल्या, आता त्यावरून मला बोल लावणारं कुणी उरलेलं नाही. शिवाय मी सोलापुरात सातवीपर्यंत शिकलेली, वाचनालयातली पुस्तकं पदराखाली लपवून आणणारी बाई. नवऱ्याचं किंवा थोरल्या दिराचं नाव तोंडातून निघालं की त्याचं आयुष्य तेवढं कमी होतं, या गोष्टीवर माझा काडीइतका विश्वास नाही. तरी लिहायला गेले की हात थांबतो. तेव्हा वाचणाऱ्यांनी एवढंच समजावं की ते शंकराचं एक साधं तीन अक्षरी नाव होतं, मराठवाड्यात दर चौथ्या घरात असतं तसलं.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा इकडं निजामाचं राज्य होतं. आमचं गाव अणदूरच्या पुढं, बैलगाडीच्या वाटेवर. मधे करोडगिरीचा नाका. तिथल्या शिपायानं जकातीजोगं काही सापडेल म्हणून माझ्या ट्रंकेत कोपरापर्यंत हात घातला, आणि आतून पुस्तकं निघाल्यावर त्याचा चेहरा पडला. गावच्या शाळेत पोरं रोज हुजुरांसाठी दुआ म्हणत. हुजुरांच्या सगळ्या पदव्या म्हणायला घेतल्या तर पायलीचं दळण निम्मं होईल, पण सात वर्षांचं पोरही त्या एका दमात म्हणून टाकी. आणि आमच्या घरात तीन धडधाकट बायका, त्यांना आपापल्या नवऱ्याचं नाव जिभेवर आणायची चोरी. मला तेव्हा याची मोठी गंमत वाटे.

घर लिंगायताचं, भुसार मालाच्या दुकानाचं. दारातून आत आलं की बसायची उंच ढाळज, मग अंगण, पलीकडं सोपा, स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराला लागून देवघर. घरात सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई आणि मी. माझे यजमान सोलापूरला पेढीवर कामाला होते, महिन्यातून एकदा येत. पाळणा कुणाचाच हलला नव्हता. सासूबाईंना ऐकू कमी यायचं, त्यामुळं त्या स्वतः फार मोठ्यानं बोलत. घरातली कुठलीही गुप्त गोष्ट आधी शेजारी कळे आणि मग आम्हाला.

तो बोका कुठून आला कुणास ठाऊक. एके दिवशी पोत्यांच्या थप्पीवर बसलेला दिसला, आणि तो आता तिथंच बसणार हे त्याच्या बसण्यावरूनच कळलं. एवढं मोठं मांजर मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पाठीवर काळी शेरवानी घातल्यासारखा, गळ्याखाली पांढरं, चारी पायांत पांढरे मोजे. डोकं एवढं की दुधाच्या लोट्यात शिरत नसे. चालायचा सावकाश, थांबत थांबत, जणू मागून कुणीतरी दप्तर घेऊन येतंय. सरकारी नोकरीत असता तर सहज पेशकार झाला असता. उंदीर मारायचा मात्र खरा, त्यामुळं सासूबाईंनी त्याचं दूध मंजूर केलं.

"ह्याला नाव पायजे," एक दिवस जाऊबाई म्हणाल्या. "दोन येळचं खातंय घरात."

मी म्हणाले, "काळू."

त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. "आगं, मामंजी."

मामंजींच्या, म्हणजे आमच्या सासऱ्यांच्या नावात 'काळ' होता. ते मी येण्याआधीच वारले होते, पण जाताना घरातला काळा रंग बरोबर घेऊन गेले होते. काळ्या मातीला तव्यागत माती म्हणायचं. सकाळ म्हणायची नाही, उजाडल्यावर म्हणायचं. संध्याकाळला दिवेलागण. गावात दुष्काळ पडला असता तरी आमच्या घराला त्याचं नाव घेता आलं नसतं.

"मग ऱ्हायल्याल्या अर्ध्या अंगावरून ठिवू," जाऊबाई म्हणाल्या. "धवळ्या."

मी हसत होते ती एकदम गप्प झाले. माझ्या यजमानांच्या नावात 'धवळ' होतं.

जाऊबाईंनी हे अर्थात मुद्दाम केलं होतं. "का गं, पुस्तकवाली? म्हण की. धवळ्या, ये म्हण. काय हुतंय त्याला?"

"मला काही होत नाही," मी म्हणाले. "पण उगीच कशाला?"

"व्हय, उगंच कशाला," असं म्हणून त्या जात्यावर डोकं टेकून हसल्या.

शेजारची खाला आमच्या आणि तिच्या मधल्या बुटक्या भिंतीवर कोपर टेकून हे ऐकत होती. ती म्हातारी एकटीच राहायची, विड्या वळायची. बोक्याचा दुसरा मुक्काम तिच्याकडं असे. मी म्हणाले, "शेरू ठेवू या. वाघासारखाच दिसतो."

"वो नक्को, बेटा," खाला म्हणाली. "वो मेरे मियाँ का है. शेर से शुरू होता."

"खाला, तुम्हीपण?"

"तो क्या हुआ? हम क्या जंगल में से आए?"

तिचा मियाँ वारूनही कैक वर्षं झाली होती. म्हणजे काळा गेला, पांढरा गेला, वाघ गेला. सासूबाईंचं माहेर आळंदकडचं, त्या कानडीत म्हणाल्या, "बेक्कु म्हणा की." बेक्कु म्हणजे कानडीत मांजरच. म्हणजे आम्ही मांजराचं नाव मांजर ठेवलं आणि विषय मिटवला. तसंही तो नावाला येत नसे. ताट जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला की येई.

पुढं देशाला स्वातंत्र्य मिळालं, पण ते सोलापुरापर्यंत येऊन थांबलं. आमच्या बाजूला रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला. हद्दीपलीकडं निजामाशी लढणाऱ्या तरुण पोरांच्या छावण्या पडल्या. नाक्यावरची ये-जा बंद झाली आणि माझे यजमान सोलापुरातच अडकले. आमचे दीर लढवय्ये वगैरे नव्हते. बंदूक दाखवली असती तर त्यांनी आधी तिचा भाव विचारला असता. पण छावणीतल्या पोरांना खायला ज्वारी लागते, आणि ज्वारी यांच्याकडं होती. आडवाटेनं पोती जाऊ लागली. कुणीतरी सांगितलंच. निरोप आला की पोलीस शोधताहेत, तेव्हा दीर एका पोत्याबरोबर स्वतःही पलीकडं गेले.

सापडले असते तर काय झालं असतं हे आम्हाला ठाऊक होतं. शेजारच्या गावचा एक तेली असाच नेला होता. तो परत आला तेव्हा त्याला हातानं भाकरी मोडता येत नव्हती.

पावसाळ्यात एक दिवस उजाडायच्या सुमाराला कडब्याची गाडी दारात आली आणि कडब्यातून दीर निघाले. दाढी वाढलेली, अंगाला कुसळं. आईची आठवण आली म्हणाले. जाऊबाई तिथंच उभ्या होत्या, त्यांच्याकडं न बघता हे म्हणाले, म्हणजे कुणाची आठवण आली होती ते आम्हाला कळलं. दिवस मावळला की परत जायचं ठरलं होतं. सासूबाईंनी हुग्गी शिजत घातली. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, आमच्यात सणाला करतात. लेक आला हाच सण. दीर आंघोळ करून देवघरात लिंगपूजेला बसले.

त्याच वेळी ढाळजेत बुटांचा आवाज झाला. तालुक्याचा अमीन, म्हणजे पोलिसातला साहेब, आणि त्याच्यामागं दोन शिपाई. अमीन नवा होता, उत्तरेकडून कुठून तरी आलेला. इस्त्रीचे कपडे, हातात छडी. त्यानं ढाळजेतली घोंगडी छडीनं बाजूला केली आणि बसला नाही. मला त्याही वेळी वाटलं, बसायचंच नव्हतं तर घोंगडी कशाला सरकवली. माणूस घाबरला की असलं काहीतरी दिसतं.

त्यानं दिरांचं नाव घेतलं, अगदी सरळ, पूर्ण. म्हणाला, "कहाँ है वो?"

जाऊबाई पदर ओढून दाराच्या चौकटीला लागून उभ्या होत्या. मी त्यांच्यामागं. खाला विड्यांचं सूप घेऊन अंगणात बसली होती, ती तशीच बसून राहिली.

"तुम्हारा मर्द है न वो?" अमीन जाऊबाईंना म्हणाला. "ज़बान नहीं है?"

आणि आतून, स्वयंपाकघरातून, सासूबाईंचा आवाज आला. त्यांना बूट ऐकू आले नव्हते, अमीन ऐकू आला नव्हता. त्यांनी ताट वाढलं होतं. लेकाला नावानं हाक मारून त्या म्हणाल्या, "ये रं बाबा, हुग्गी गार हुतीया."

सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक.

अमीनानं मान वळवली. एका शिपायानं खांद्यावरची बंदूक खाली घेतली. मी चौकट धरली आणि मला त्या तेल्याचे हात दिसले, दुसरं काही दिसेना.

मग माझ्या पुढून, इतकी जवळून की माझ्या कानाला दडे बसले, एक हाक आली. तेच नाव. कुणी मारली ते मला आधी कळलंच नाही. मी खालाकडं बघितलं. खाला जाऊबाईंकडं बघत होती आणि तिच्या हातातलं तेंदूचं पान तसंच राहिलं होतं.

जाऊबाईंनी पुन्हा हाक मारली. पदर डोक्यावरून खाली आला होता. "ये," त्या म्हणाल्या, आणि परत ते नाव. "ये की, मुडद्या. आत्या बोलवायलीया, कुठं उलथलास?"

लग्नाकार्यात बायका उखाण्यात गुंफून नाव घेतात, ते निराळं. त्याला कुणी नाव घेणं म्हणत नाही, ते गाणं असतं. पण उघड्या अंगणात, पदर पडलेला, परका पुरुष समोर, आणि नवऱ्याला नावानं हाक. वर मुडद्या. मी एवढी पुस्तकं वाचली होती, त्यात राजवाडे जळाले होते, राण्या पळाल्या होत्या. मला त्यातल्या कशाचाही असा धक्का बसला नव्हता. क्षणभर मी खरोखर विसरले की समोर पोलीस आहे. मला वाटलं, जाऊबाईंना वेड लागलं.

ताट टेकल्याचा आवाज झालेला होताच. स्वयंपाकघराच्या दारातून तो बोका आला. घाई नाही. मिशांना हुग्गी लागलेली. अंगणाच्या मधोमध आला, बसला, आणि मिशा पुसू लागला.

जाऊबाई अमीनाला म्हणाल्या, "हे बगा. मांजराचं नाव हाय त्ये."

अमीनाला एवढी मराठी कळली. त्यानं बोक्याकडं बघितलं, मग जाऊबाईंकडं. "झूठ," तो म्हणाला. "ये नाम इस घर के आदमी का है. हमको पक्की ख़बर है."

तेव्हा खाला उठली. गुडघे धरत, कण्हत, काही घाई नसल्यासारखी.

"साब," ती म्हणाली, "तुम नए हो. यहाँ की औरत मर जाएगी, अपने मरद का नाम नहीं लेगी. मेरा मरद मिट्टी में गया, मैं आज तक नहीं ली. पूछो गाँव में किसी को भी. अब इसने वो नाम लिया कि नहीं, तुम्हारे सामने?"

"लिया."

"तो मरद का कैसा होगा?"

मागचा शिपाई आमच्याच भागातला होता. त्याला अमीनानं नजरेनं विचारलं, तर तो नाइलाजानं म्हणाला, "हौ साब, सच है. मेरी माँ भी नहीं लेती."

"फिर इसके आदमी का नाम क्या है?"

"वो ये बोलने की नहीं," खाला म्हणाली. "वही तो बोल रही मैं."

"तुम बोलो."

"मैं सेठ बोलती."

अमीनानं मला विचारलं. मी मान खाली घातली. नाटक करायची गरज नव्हती, मला खरंच येत नव्हतं.

एवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. जाऊबाईंची हाक इतकी मोठी होती की ती त्यांनाही ऐकू गेली होती. हातात पळी. त्यांनी पोलीस बघितले, पण ते त्यांच्या डोळ्यांत शिरले असं वाटलं नाही. त्या सुनेकडं बघत होत्या. त्यांचं तोंड उघडलं. मी मनात म्हणाले, झालं. आता त्या विचारणार, नवऱ्याचं नाव घेतलंस? आणि सगळं बाहेर पडणार. मोठ्या आवाजात.

त्या "शिव शिव" म्हणाल्या आणि जोत्यावर मटकन बसल्या. पळीतली हुग्गी लुगड्यावर सांडली.

"बुढ़िया को क्या हुआ?" अमीन म्हणाला.

मी माझ्या सोलापुरी हिंदीत म्हणाले, "बिल्ले ने खीर में मुँह डाला." हे अगदी खरं होतं.

अमीन खाली वाकला, आणि ज्या माणसाला पकडायला तो पाऊस-चिखल तुडवत आला होता, त्याचं नाव घेऊन त्यानं बोक्याला हाक मारली. बोक्यानं एक कान हलवला. शिपाई हसला आणि लगेच खोकला. अमीनाचा चेहरा लाल झाला. त्याच्या डोक्यात काय आलं ते त्यानं जाताना शिपायाला बोलून दाखवलं, म्हणून आम्हाला कळलं. त्याला वाटलं, खबऱ्यानं त्याची चेष्टा केली. तालुक्याच्या अमीनाला एका मांजराच्या मागं पाठवलं. एवढा मोठा अपमान समोर दिसत असताना त्याला देवघर दिसलं नाही. तो खबऱ्याला बघायला निघून गेला. त्या खबऱ्याचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

दीर बाहेर आले तेव्हा त्यांच्या तळहातावर लिंग तसंच होतं. त्यांना वस्त्रात बांधून गळ्यात घालायचं भान नव्हतं. मला वाटलं, पोलिसांच्या भीतीनं. तर ते म्हणाले, "अव्वानं हाक मारली तवा मी ओ द्यायलाच लागलो हुतो. तोंड उघडलं, आन् हिची हाक आली." पुढं त्यांना बोलता येईना. बायकोच्या तोंडून आपलं नाव ऐकून त्यांची वाचा बसली होती, आणि ती बसली म्हणूनच ते वाचले. ते खाली बसले आणि त्यांनी जाऊबाईंकडं बघितलं, एखाद्या परक्या बाईकडं बघावं तसं.

त्या दिवशी हुग्गी कुणीच खाल्ली नाही. सासूबाई भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. दिवस मावळल्यावर दीर गेले. जाऊबाई त्यांना पोचवायला दारापर्यंतही आल्या नाहीत. मी त्यांना शोधत घरामागच्या परड्यात गेले, तर त्या राखेनं जीभ घासत होत्या.

"अक्का, तुम्ही त्यांना वाचवलंत," मी म्हणाले.

त्यांनी चूळ भरली. "किती जात आसंल गं?"

"काय किती?"

"आयुक्ष. एका हाकंला."

मी म्हणाले, असलं काही नसतं. शिकलेल्या माणसानं जे जे सांगायचं ते सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तू घे बरं धाकल्या भावजींचं नाव. इथं कोण न्हाय. माझ्याफुडं घे."

मी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही.

"व्हय ना," जाऊबाई म्हणाल्या, आणि पुन्हा राख घेतली.

गोष्ट तिथंच संपली असती तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी खाला भिंतीवरून म्हणाली, "अब वो नाम बंद नक्को करना. गल्ली के कान हैं. एक दिन वो नाम, दूसरे दिन बेक्कु, तो कोई भी समझ जाएगा." बरोबर होतं तिचं. ते नाव आता बोक्यालाच चालवावं लागणार होतं, रोज, मोठ्यानं, ढाळजेतून. सासूबाई बोक्याला त्या नावानं बोलवायला तयार नव्हत्या; त्यांच्या पोटच्या पोराचं नाव होतं ते. मी एक दिवस प्रयत्न केला. ढाळजेत जाऊन उभी राहिले, घसा खाकरला, आणि आत आले. माझा सगळा बुद्धिवाद ढाळजेपर्यंतच पोचला. त्यामुळं ते काम जाऊबाईंवरच आलं. रोज जेवणवेळेला त्या दारात येत, हाक मारत, आणि आत येऊन मंगळसूत्र डोळ्यांना लावत. प्रत्येक हाकेला आपण नवऱ्याच्या आयुष्यातून काहीतरी कापून मांजराला घालतोय अशी त्यांची पक्की खात्री होती, आणि तरी त्या एक दिवस चुकल्या नाहीत. त्यांचं वजन उतरलं. बोक्याचं वाढलं. तो आता नावाला येऊ लागला होता. ताट वाजलं नाही तरी येई.

सासूबाई त्या सगळ्या दिवसांत सुनेशी जेवढ्यास तेवढं बोलत. "मीठ दे." "दार लाव." त्या रागावल्यात असं आम्ही दोघी धरून चाललो होतो.

मग सोलापूरच्या रस्त्यानं फौजा आल्या, पोलिस ॲक्शन झाली आणि निजामाचं राज्य काही दिवसांत आटोपलं. एवढ्या पदव्यांचं राज्य जायला इतका कमी वेळ लागला याचं मला आश्चर्य वाटलं. दीर परत आले. गावात त्यांना हार घातला, एका पुढाऱ्यानं भाषण केलं, त्यात ज्वारीच्या पोत्यांची संख्या पुष्कळ वाढली. ते दिवस सगळ्यांना सारखे गेले नाहीत; रझाकारांवरचा राग खालासारख्यांवर निघत होता. काही रात्री खाला आमच्या सोप्यात झोपली आणि दीर ढाळजेत बसून राहिले. त्याबद्दल घरात कुणी काही बोललं नाही. मीही इथं जास्त बोलत नाही.

सगळं निवल्यावर एक दिवस सासूबाईंनी स्वामींना बोलावणं पाठवलं. स्वामी म्हणजे आमचे जंगम, घरच्या कार्याला येतात ते. पाट मांडला, हळदकुंकू काढलं, हुग्गी केली. मला वाटलं, जाऊबाईंच्या पापावर काही शांत असेल. जाऊबाईंनाही तेच वाटलं असणार, कारण त्या उपाशी होत्या आणि त्यांनी जुनं लुगडं नेसलं होतं. दीर दुकानातून आले तर सासूबाई त्यांना म्हणाल्या, "पाटावर बस."

"मी? कशाला?"

"तुजं नाव बदलायचं हाय."

दीर हसले. मग त्यांनी आईचं तोंड बघितलं. "अव्वा, हे काय काढलंस? बोक्याचं बदल की."

"त्याला आता ह्येच कळतं. तू शाळा शिकलायस, तुला दुसरं कळंल."

"आगं, एका मांजरापायी माणसानं नाव बदलायचं? गाव काय म्हणंल? परवा हार घातला त्या नावाला."

"मांजरापायी न्हाय," सासूबाई म्हणाल्या. त्या सुनेकडं वळल्या. "हिकडं ये गं."

जाऊबाई आल्या. मान वर नव्हती.

"अमीन आला हुता त्या दिवशी तू कुणाला हाक मारलीस?"

जाऊबाईंनी डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला.

"बोक्याला मारलीस," सासूबाई म्हणाल्या. नेहमीसारखंच, गल्लीला ऐकू जाईल असं. "त्याच्या म्होरं रोज कुणाला मारलीस? बोक्याला. त्ये नाव बोक्याचं हाय. माझ्या लेकाचं नाव येगळं हाय, त्ये आता स्वामी सांगतील. त्ये तू कवाच घेतलं न्हाईस. एकडाव बी न्हाई. काय वो स्वामी?"

स्वामी हुग्गीच्या वासानं जरा लवकर आले होते आणि असल्या प्रश्नाची तयारी करून आले नव्हते. त्यांनी पंचांग उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "आईचा अधिकार हाय. आई म्हणंल त्ये नाव."

मी सासूबाईंकडं बघत राहिले. एवढे दिवस ही बाई भिंतीकडं तोंड करून पडत होती, मीठ दे, दार लाव एवढंच बोलत होती, आणि आम्ही समजत होतो की ती सुनेला माफ करत नाही. ती वाट शोधत होती. धर्मात बसेल, स्वामी नाही म्हणू शकणार नाहीत आणि सुनेचा विश्वास बसेल अशी वाट. मी जाऊबाईंना सगळी पुस्तकं सांगितली होती, त्यांचा उपयोग शून्य झाला होता.

दिरांनी एकदा बायकोकडं बघितलं. तिच्या गळ्याची हाडं वर आली होती. ते पाटावर बसले. पगडीची घडी नीट केली, आणि कानात नवं नाव सांगून घेतलं, चाळिशीला टेकलेला, मिशा असलेला माणूस. आमच्या घरातलं ते पहिलं बारसं.

जाऊबाई पाट हलायच्या आत उठून परड्यात गेल्या. त्या रडत असतील म्हणून मी मागून गेले, आणि त्या रडत होत्याही. तेवढ्यात बोका चुलीजवळच्या दुधाकडं सरकताना त्यांना दारातून दिसला. त्यांनी डोळे पुसले आणि त्याला नावानं हाक मारली. मंगळसूत्राला हात नाही, इकडं तिकडं बघणं नाही. नाव घेऊन चोरटा म्हणाल्या, नाव घेऊन ऐतखाऊ म्हणाल्या, तुझ्यापायी माझ्या हाडाची काडं झाली म्हणाल्या, आणि दर वाक्याला ते नाव पहिल्यापेक्षा मोठ्यानं घेत त्यांनी त्याला परडंभर पळवला.

दीर ढाळजेत स्वामींच्या पंगतीला बसले होते. घास हातात धरून, मान खाली घालून, ते सगळं ऐकत होते.